मजकुरातला खेळ: खेळाडूला सुचू द्यायचं की निवडू द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नुसत्या मजकुरावर चालणारे खेळ, म्हणजे ज्यांना इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात ते, लोक नेमके कसे खेळतात? टाइप करून, दिलेल्या पर्यायांतून निवडून, की आणखी काही प्रकार आहेत? आणि जुन्या वाड्यात घडणारी छोटी रहस्यकथा मराठीत खेळ म्हणून लिहायची असेल तर कुठली पद्धत धरावी? मी असे खेळ लिहितो, इतरांचे तपासून देतो आणि कार्यशाळांमध्ये कॉलेजच्या मुलामुलींकडून खेळवून घेतो. तेव्हा जे हाताखालून गेलं आहे त्यावरून सांगतो.

पद्धती मोजायला बसलात तर पुष्कळ निघतील. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: पुढची कृती खेळाडूला स्वतःहून सुचावी लागते, की समोर मांडलेल्यांतून त्यानं निवडायची असते? बरेच नवे लेखक याकडे सोयीचा प्रश्न म्हणून बघतात. टाइप करणं कटकटीचं, बोटानं दाबणं सोपं, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. खेळाडूच्या डोक्यात गोष्ट कशी घडणार हे इथंच ठरतं, म्हणून हा निर्णय कथानक रचतानाच घ्यायला हवा, मागाहून नाही.

टाइप करण्यापासून सुरुवात करू, कारण हा प्रकार तिथूनच निघाला. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर स्वतः गुहा धुंडाळणारा माणूस. केंटकीतल्या मॅमथ केव्हची त्याला चांगली माहिती होती. १९७५-७६च्या सुमारास त्यानं पीडीपी-१० संगणकावर फोरट्रानमध्ये ‘ॲडव्हेंचर’ लिहिला आणि १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं तो बराच वाढवला. खेळाडूनं दोन शब्दांत हुकूम सोडायचा: एक क्रियापद, एक नाम. ‘गेट लॅम्प’, म्हणजे दिवा घे. प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं खेळ बघायचा.

एवढ्याशा भाषेतही काय घडू शकतं ते बघा. गुहेत एके ठिकाणी ड्रॅगन वाट अडवून बसलेला असतो. कुऱ्हाड फेकली तर त्याच्या खवल्यांवरून उडून पडते. ‘किल ड्रॅगन’ असं टाइप केलं की खेळ उलट विचारतो: कशानं? नुसत्या हातांनी? बहुतेक खेळाडू हा टोमणा समजतात आणि दुसरं काहीतरी शोधायला निघून जातात. पण एखादा ‘येस’ असं टाइप करतो, आणि ड्रॅगन मरतो! आपण नुसत्या हातांनी ड्रॅगन मारला यावर खेळाचाही विश्वास बसत नाही. आता हाच प्रसंग ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन बटणांनी मांडा. प्रश्नाला उत्तर देता येतं हे खेळाडूच्या मनात उगवण्याचा जो क्षण होता, तोच गेला. कोड्याचं उत्तर पडद्यावर आधीच लिहिलेलं आहे.

त्याच खेळात एक भुलभुलैया आहे. तिथल्या सगळ्या जागांचं वर्णन हुबेहूब सारखं, त्यामुळे आपण कुठं आहोत हे वर्णनावरून कळायला मार्ग नाही. खेळाडूंनी यावर तोड काढली: जवळच्या वस्तू एकेका ठिकाणी टाकत जायचं आणि कागदावर नकाशा काढायचा. म्हणजे खेळ फक्त कीबोर्डवर चालत नव्हता. पेन्सिल आणि वहीही त्याचाच भाग होती. आजही जुन्या वळणाचे खेळाडू शेजारी कागद ठेवतात, काही जण ट्रिझबॉर्टसारख्या नकाशा काढायच्या प्रोग्रामवर खोल्या जोडत बसतात. तुमचा वाडा चौसोपी असेल, तर खेळाडू नकाशा काढणार हे धरून चाला. माजघरातून परसात जायची वाट आणि परतीची वाट जुळत नसेल तर तो तुम्हाला माफ करणार नाही.

पुढे एमआयटीतल्या चौघांनी ‘झॉर्क’ लिहिला आणि १९७९मध्ये इन्फोकॉम कंपनी उभी राहिली. त्यांचा पार्सर, म्हणजे खेळाडूचं वाक्य फोडून अर्थ लावणारा भाग, पूर्ण वाक्यं घेऊ लागला: दिवा सोडून बाकी सगळं कपाटात ठेव, तलवारीनं राक्षसावर वार कर, वगैरे. इन्फोकॉमनं खेळाडूला वेगवेगळ्या नात्यानं खेळात बसवून बघितलं, आणि मला त्यांचं हे काम कोड्यांपेक्षा मोठं वाटतं. १९८२च्या ‘डेडलाइन’मध्ये तुम्ही गुप्तहेर आहात. घड्याळ चालू असतं, घरातली माणसं आपापल्या कामानं फिरत असतात, आणि कुणाला काय विचारायचं, कुणावर आरोप ठेवायचा हे तुम्हीच ठरवायचं. १९८३च्या ‘सस्पेंडेड’मध्ये तर तुम्ही स्वतः हलूच शकत नाही. शरीर गोठवून ठेवलेलं आहे आणि सहा रोबोंना हुकूम देऊन काम करून घ्यायचं. त्यातली आयरिस फक्त बघू शकते, ऑडा फक्त ऐकू शकते. एकच खोली प्रत्येक रोबो निराळ्या तऱ्हेनं सांगतो. तिथं खेळणं म्हणजे सहा अपुऱ्या साक्षींमधून एक चित्र जुळवणं. रहस्यकथा लिहिणाऱ्यानं हा खेळ एकदा तरी खेळून बघावा.

टाइप करणाऱ्या खेळाडूच्या काही सवयी ठरलेल्या असतात. नवीन खोलीत शिरला की वर्णनातलं एकेक नाम उचलून तो ते निरखतो. त्यासाठी इंग्रजी खेळांत ‘एक्स’ एवढं एक अक्षर पुरतं. मग जवळ काय काय आहे ते तपासतो. मग जे जे हलवता, उघडता, ढकलता येईल ते करून बघतो. ‘अंडू’, म्हणजे शेवटची चाल मागे घ्यायचा हुकूम, मिळतो तिथं तो बिनधास्त होतो, विष पिऊन बघतो, कड्यावरून उडी मारून बघतो आणि एक पाऊल मागे येतो. अँड्र्यू प्लॉटकिन या लेखकानं १९९६मध्ये खेळांची निर्दयपणानुसार पाच पायऱ्यांची मोजणी मांडली. सगळ्यात दयाळू खेळात तुम्ही अडकूच शकत नाही. सगळ्यात क्रूर खेळात तुम्ही मघाशीच कायमचे अडकलात हे कळतसुद्धा नाही. वाड्याच्या खेळात या मोजणीच्या दयाळू टोकाला राहा. रहस्यकथेचा वाचक पुरावा हातचा जाईल या भीतीनं खेळू लागला की निरखणं सोडून देतो, आणि रहस्यकथेत तर निरखणं हाच खेळ आहे.

अडकल्यावर खेळाडू काय करतो हाही खेळण्याचाच भाग आहे. इन्फोकॉम ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकत असे. त्यात उत्तरं अदृश्य शाईनं छापलेली असत आणि सोबतच्या पेनानं घासलं की दिसत. आधी हलकी सूचना, मग जरा स्पष्ट, शेवटी सरळ उत्तर. किती मदत घ्यायची हे खेळाडूच्या हातात राहायचं. १९९५पासून दरवर्षी भरणाऱ्या आयएफकॉम्प या स्पर्धेत परीक्षकांनी एका खेळाचे गुण पहिल्या दोन तासांच्या खेळण्यावरूनच द्यायचे असा नियम आहे, त्यामुळे तिथं अनेक जण थोडं खेळून उरलेलं उत्तरपत्रिकेच्या आधारानं पुरं करतात. हा आळस समजू नका. वेळ थोडा असलेल्या माणसाची ती वाचायची पद्धत आहे आणि तिची सोय लेखकानं करून ठेवावी.

आता एक प्रसंग जवळून दाखवतो. कार्यशाळेत तो आम्ही मुद्दाम दोन्ही पद्धतींनी खेळतो. माजघरात आजी झोपलेली आहे. तिच्या उशीखाली किल्ली आहे आणि त्या किल्लीशिवाय माडीचं दार उघडत नाही. टाइप करायच्या खेळात नोंद साधारण अशी दिसते (बाणासारख्या चिन्हापुढची ओळ खेळाडूची, तिच्याखालची खेळाची):

> आजीकडे बघ
आजी भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. उशीच्या कडेशी काहीतरी चकाकतंय.
> आजीला उठव
आजी नुसतं ‘हं’ म्हणते आणि पांघरूण ओढून घेते.
> हळू आवाजात हाक मार
आजी उठत नाही.
> पांघरूण नीट कर
तुम्ही आजीच्या पायांवर पांघरूण घालता.
> उशी उचल
आजीचं डोकं आहे उशीवर. अख्खी उशी नाही उचलता येणार.
> उशीखाली हात घाल
बोटांना गार लोखंड लागतं.

कथानकाला फक्त शेवटची ओळ हवी आहे. पण मुलं तिथं सरळ जात नाहीत. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याखाली हात घालणं त्यांना बरं वाटत नाही, म्हणून आधी उठवतात, हाक मारतात, पांघरूण सारखं करतात. यातलं काही मी त्यांना सुचवलेलं नसतं. खेळाडू आणि आजी यांच्यात या पाच-सहा ओळींत जे नातं तयार होतं ते त्याचं स्वतःचं असतं. त्यामुळे किल्ली हाताला लागते तेव्हा त्याला चोरटेपणा जाणवतो, आणि माडीवर जाताना तो ते ओझं घेऊन जातो.

हाच प्रसंग पर्यायांनी खेळताना पडद्यावर तीन ओळी असतात: आजीला उठवा, उशीखाली हात घाला, परत फिरा. मुलं वरून खाली एकेक दाबत जातात आणि मागे येऊन उरलेले दाबतात. इंग्रजी खेळाडूंमध्ये याला गवत कापायचं यंत्र फिरवणं म्हणतात. हिरवळीचा एकही पट्टा न कापता सोडायचा नाही. किल्ली मिळते, पण ‘मी घेतली’ हा भाव येत नाही, कारण उशीखाली हात घालायची कल्पना पडद्याची होती.

यावरून टाइप करणं श्रेष्ठ आणि निवडणं हलकं असा निष्कर्ष मात्र काढू नका. प्रसंग एक पाऊल पुढे न्या. किल्ली काढताना आजी डोळे उघडते आणि विचारते, ‘काय रे, काय शोधतोयस?’ इथं पार्सर लंगडा पडतो. खेळाडूला म्हणायचं असतं, ‘आजोबांचं पत्र शोधतोय, पण आईला सांगू नकोस.’ असं वाक्य समजणं पार्सरच्या आवाक्यातलं नाही. पण इथं तीन पर्याय द्या: खरं सांगणं, थाप मारणं, काही न बोलता किल्ली पुढे करणं. खेळाडू थांबतो. बोट हवेत राहतं. प्रत्येक पर्याय करण्यासारखा आहे आणि एक केला की बाकीचे गेले. इथं शोधायचं काही नाही, ठरवायचं आहे. आणि ठरवण्यासाठी निवडीसारखं दुसरं साधन नाही.

माझा ढोबळ नियम यातूनच आला आहे. जिथं उत्तर एक आहे आणि ते सापडण्यात मजा आहे, तिथं ते खेळाडूला सुचायला हवं. जिथं उत्तरं अनेक आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे, तिथं ती समोर मांडावीत.

पार्सरवर संवाद चालवायचे चांगले प्रयत्न झालेले आहेत. एमिली शॉर्टचा २०००सालचा ‘गॅलाटिया’ म्हणजे जिवंत झालेल्या एका पुतळ्याशी चाललेलं संभाषण. ‘अमक्याबद्दल विचार’, ‘तमक्याबद्दल सांग’ अशा हुकमांवर ते चालतं. विषय खेळाडूला सुचावे लागतात, कुठल्या क्रमानं आपण ते काढतो यावर तिची मनःस्थिती बदलते आणि शेवटही अनेक आहेत. ते जमलं, कारण अख्खा खेळ त्या एका संभाषणावर बेतलेला होता आणि लेखिकेनं त्याची उत्तरं मनापासून लिहिली होती. वाड्यात सात माणसं असतील तर तेवढी उत्तरं लिहायला तुमच्याकडे वेळ आहे का, हे आधी बघा.

निवडीच्या खेळांतही आतल्या आत पुष्कळ फरक आहे. क्रिस क्लिमसचं ट्वाइन हे असे खेळ बनवायचं साधन २००९मध्ये आलं आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्या लेखकांना दार उघडलं. ट्वाइनमध्ये दुवा मजकुराच्या पोटातच असतो. एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की पान पुढे जातं, किंवा तोच शब्द बदलतो, किंवा वाक्य तिथंच लांबतं. म्हणजे वाचताना डोळा कुठं अडतो तिथंच हात जातो. चॉइसस्क्रिप्ट या दुसऱ्या साधनातले खेळ निराळे. तिथं परिच्छेदाखाली पर्यायांची यादी असते आणि तुमचं धैर्य, प्रामाणिकपणा, लोकांतली पत असे आकडे मागे साठत जातात. अशा खेळांचे खेळाडू पुढच्या आकड्यांवर डोळा ठेवून निवड करतात, स्वतःचं पात्र घडवत जातात. इंकल कंपनीच्या २०१४च्या ‘एटी डेज’मध्ये तुम्ही ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीतल्या फॉग साहेबांचा नोकर पासपार्तू असता, आणि बऱ्याच निवडींनी प्रवासाची वाट बदलत नाही. त्या फक्त पासपार्तूनं तो प्रसंग कशा सुरात सांगितला ते ठरवतात. काही लोक याला फसवणूक म्हणतात. मी म्हणत नाही. गोष्ट कोण सांगतंय हे खेळाडूनं ठरवणं हीसुद्धा कृतीच आहे.

मधल्या वाटा मला सगळ्यांत जवळच्या वाटतात. सॅम बार्लोच्या १९९९च्या ‘आइल’मध्ये एक माणूस सुपरमार्केटमध्ये उभा आहे, आणि खेळाडूला फक्त एक हुकूम देता येतो. एक ओळ टाइप करायची, गोष्टीचा एक शेवट वाचायचा, पुन्हा पहिल्यापासून. मग दुसरा हुकूम, दुसरा शेवट. एका माणसाचं आयुष्य अशा तुटक उत्तरांतून उलगडत जातं. चँडलर ग्रूव्हरचा २०१७चा ‘ईट मी’ जवळजवळ सगळा ‘खाणं’ या एका क्रियापदावर चालतो. त्यामुळे ‘नेमकं कुठलं क्रियापद टाइप करू’ हा जुना छळ संपतो आणि काय खायचं एवढाच विचार उरतो. ॲरन रीडच्या २००९च्या ‘ब्लू लॅक्युना’त काही शब्द रंगीत असतात, पूर्ण हुकूम न देता नुसता तो शब्द टाइप केला तरी चालतं. टेक्श्चर नावाच्या साधनात क्रियापदं खाली मांडलेली असतात आणि बोटानं ओढून मजकुरातल्या शब्दावर टाकायची. पार्सरमधली क्रियापद-नामाची जोडी यात टिकते आणि फोनच्या छोट्या कीबोर्डचा जाच वाचतो.

वेळेवर चालणाऱ्या खेळांबद्दल थोडक्यात. २०१५च्या ‘लाइफलाइन’मध्ये एका दूरच्या चंद्रावर अडकलेला टेलर तुम्हाला संदेश पाठवतो, तुम्ही उत्तर निवडता, आणि तो खरोखर काही तास चालायला निघून जातो, तोवर फोन गप्प. २००९पासून चालू असलेल्या ‘फॉलन लंडन’मध्ये ठरावीक चाली मिळतात आणि त्या संपल्या की थांबावं लागतं. असे खेळ लोक बसून खेळत नाहीत, दिवसभरात येता-जाता खेळतात. वाड्यातल्या रहस्याला हे मानवणार नाही. मधल्या चार तासांत खेळाडू पुरावे विसरून जाईल.

एआयवर चालणाऱ्या खेळांबद्दलही तुम्ही विचार करत असालच. २०१९मध्ये ‘एआय डंजन’ आला, तेव्हापासून हवं ते टाइप करा आणि खेळ काहीतरी उत्तर देईल हे शक्य झालं. खेळाडू अशा खेळात निराळाच वागतो. कोडं सोडवायचं सोडून तो लेखकाच्या खुर्चीत बसतो आणि गोष्ट स्वतःच वळवायला लागतो. दोन मित्र मिळून थापा रचत बसावेत तशी त्यात गंमत आहे. पण रहस्यकथेला एक पक्कं सत्य लागतं. खून कुणी केला हे खेळ सुरू होण्याआधी ठरलेलं असावं लागतं आणि खेळाडूनं काहीही टाइप केलं तरी ते हलता कामा नये. जे जग कशालाच ठाम नकार देत नाही, त्या जगात शोध लावता येत नाही. म्हणून तुमच्या खेळाचा कणा मी अशा यंत्राच्या हवाली करणार नाही.

खेळाडू एकटाच असतो असंही नाही. आयएफमड नावाच्या गप्पांच्या जगात क्लब फ्लॉइड ही मंडळी एकत्र जमून जुने-नवे खेळ खेळतात. एक बॉट खेळ चालवतो, कुणीही हुकूम देतो, बाकीचे मध्ये बोलत असतात. कार्यशाळेतही एक मुलगी कीबोर्डवर आणि चौघे मागून ओरडणारे, अशी खेळायची रीत मला फार आवडते. हुकूम देण्याआधी मुलं एकमेकांना कारण सांगतात, ‘अगं, पण दार आतून लावलंय ना!’ आणि लेखकाला खेळाडूच्या डोक्यातलं ऐकू येतं.

अंध खेळाडूंना मजकुराचे खेळ विशेष प्रिय आहेत, कारण चित्र नसल्यानं ते बरोबरीनं खेळतात. एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतो. पण लेखकाच्या हौसेपायी तिथंही अडथळे येतात. अक्षरांची चिन्हं जुळवून काढलेला नकाशा स्क्रीन रीडर दंड-टिंब-दंड असा वाचत सुटतो. हळूहळू उमटणारा मजकूर अर्धवट वाचला जातो. शब्द जागच्या जागी बदलला तर बदललेलं कळतच नाही. इंटरॅक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशननं २०१९मध्ये या विषयावर अहवाल काढला. त्यासाठी अपंग खेळाडूंकडून मुद्दाम बनवलेले खेळ तपासून घेतले होते. वाड्याचा नकाशा द्यायचाच असेल तर तो वाक्यांतही द्या.

आता मराठीचं. मराठी पार्सर लिहायचा म्हटलं की पहिली अडचण क्रियापदाची. इन्फॉर्मसारख्या साधनांचा पार्सर हुकमाचा पहिला शब्द क्रियापद धरतो. आपलं क्रियापद शेवटी येतं. हा क्रम आधीच्या टप्प्यावर उलटवून घेता येतो, त्याची सोय इन्फॉर्मच्या भाषा-फायलींमध्ये आहे. आपल्या बाजूची गोष्ट अशी की विभक्ती आपल्याकडे काम सोपं करते. ‘किल्लीनं कुलूप उघड’ म्हणा नाहीतर ‘कुलूप किल्लीनं उघड’, साधन कुठलं हे प्रत्ययावरून कळतं. पण प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतो. दिवा, पण दिव्याखाली. ताट, पण ताटात. विहीर, पण विहिरीत. प्रत्येक वस्तूला तिचं सामान्यरूप जोडून द्यावं लागतं. नियमावर सोडलं तर तीन शब्दांमागे एक फसतो.

मग लिहिण्याची अडचण. ‘पायऱ्या’ हा शब्द वाड्यात येणारच. त्यातला ‘ऱ्य’ वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या संकेतांनी साठवतात, कुणी साधं ‘पायर्या’ लिहितो, आणि डोळ्याला सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला दोन निराळे शब्द वाटतात. ऱ्हस्व-दीर्घ आहेतच. त्यात निम्मे खेळाडू रोमन लिपीतून मराठी लिहिणार. ही सगळी रूपं एका रूपात आणून मगच तुलना करायची, हा रस्ता पहिल्या दिवशी बांधून घ्या.

हुकमाचं रूपही एक नसतं. कुणी ‘घे’ लिहितं, कुणी ‘घ्या’, कुणी ‘घेतो’, कुणी ‘घेते’. सगळं स्वीकारा. खेळानं मात्र खेळाडूला ‘तुम्ही’ म्हणावं असं मी सुचवेन. ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’ हे ठरवावंच लागतं. ‘तुम्ही गेलात’मध्ये कुणीही मावतं.

हे सगळं बघता, पहिल्याच खेळात तुम्ही पूर्ण मराठी पार्सरच्या मागे लागू नये. ट्वाइन घ्या. ते वेबपानच बनवतं, त्यामुळे देवनागरी बिनतक्रार दिसते आणि फोनवर खेळता येतं. वाड्यात हिंडणं, वस्तू निरखणं हे मजकुरातल्या दुव्यांनी करा. माणसांशी बोलणं पर्यायांनी. पण तीन जागा अशा ठेवा जिथं पडद्यावर एकही दुवा नाही, फक्त एक रिकामी चौकट आहे. आजोबांनी पत्र कुठं लपवलं? त्या रात्री माडीवर कोण होतं? आजी कुणाला वाचवते आहे? इथं खेळाडूनं स्वतः टाइप करायचं. ट्वाइनच्या हार्लो आणि शुगरक्यूब या दोन्ही साच्यांत अशी चौकट ठेवता येते. गुन्हेगार दामूअण्णा असेल तर दामू, दामुअण्णा, दामू अण्णा, रोमन लिपीतला दामू, आणि घरातला गडी असेल तर नुसतं ‘गडी’, एवढं सगळं बरोबर धरा. आणि चुकीच्या नावाला ‘चूक’ असं म्हणून परत पाठवू नका. खेळाडूनं वहिनींचं नाव लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच्याशी बोलेनाशा होऊ देत. मग तो चौकटीत सगळी नावं एकापाठोपाठ घालून बघणार नाही.

पहिल्या दोन-तीन खोल्या झाल्या की लगेच कुणालातरी खेळायला बसवा. शेजारी बसा, पण बोलू नका. त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. चौकटीत टाइप झालेलं प्रत्येक उत्तर साठवून ठेवा. इंग्रजी खेळ तपासणारे लोक मध्येच तारांकनानं सुरू होणारी ओळ टाइप करून लेखकासाठी शेरा लिहितात आणि पूर्ण नोंद पाठवून देतात. तुमच्या तपासणाऱ्यांनाही ही सवय लावा. सगळ्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि एकाहून जास्त खेळाडूंनी तुमच्या मनात नसलेलं तेच एक उत्तर जिथं दिलं असेल, तिथं पुढचं लिखाण सुरू करा.